आपण गेलो तर ‘बाँझूर’, कोणी आलं तर ‘नाँ, मर्सी’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेच्या सुट्टीत पाच दिवस पॅरिस. सोबत सत्तरीचे बाबा, गुडघे दुखणारी आई आणि बारा वर्षांची मुलगी. कोणी सांगितलं की तिथे पाकीटमार फार, कोणी सांगितलं की माणसं उर्मट, इंग्रजी बोललं की तोंड फिरवतात. मग पैसे कमरेला बांधायचे का, मंगळसूत्र घालायचं का, शाकाहारी जेवण मागायचं कसं? आणि आईला साडीच नेसायची आहे, चालेल का?

चोरी आणि उर्मटपणा या दोन वेगळ्या भीती वाटतात, पण दोन्हींचा निकाल अनोळखी माणसाशी गाठ पडल्यावर पहिल्या दहा सेकंदांत लागतो. पॅरिसमध्ये पर्यटकाला धमकावून लुटण्याचे प्रकार कमी. तिथली चोरी बहुतेक वेळा लक्ष दुसरीकडे वळवून होते. आणि लोक तुटक वागतात, ते बहुतेक वेळा आपण नमस्कार न करता थेट कामाचं बोलतो म्हणून. त्यामुळे गटाला घेऊन जाताना मी एकच नियम पाठ करून घेतो: आपण ज्याच्याकडे जातो त्याला आधी ‘बाँझूर’ (नमस्कार), रस्त्यात जो आपणहून आपल्याकडे येतो त्याला फक्त ‘नाँ, मर्सी’ (नको, धन्यवाद), आणि पाय थांबवायचे नाहीत. आपल्याकडची सवय बरोबर उलटी आहे. दुकानदाराला आपण नमस्कार करत नाही आणि रस्त्यात कोणी हाक मारली की थांबतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. हॉटेल कुठल्या भागात, रात्री किती वाजता परतणार, बाबा एका दमात किती चालतात, आठवड्यातल्या कुठल्या वारी उतरता, यावर पुढचे काही सल्ले बदलतील. तिथे तिथे सांगतो.

आधी बाँझूर. बेकरीत शिरलात की काउंटरपर्यंत जायचं, समोरच्या बाईंकडे बघून ‘बाँझूर, मादाम’ म्हणायचं आणि थांबायचं. त्या उलट ‘बाँझूर’ म्हणतील. मग हवं ते मागायचं आणि शेवटी ‘सिल वू प्ले’ (कृपया) जोडायचं. मधला थांबा महत्त्वाचा आहे. ‘बाँझूर टू क्रोसाँ प्लीज’ असं एका श्वासात म्हटलं तर ते नमस्कारात धरलं जात नाही. तिथे दुकान म्हणजे त्या माणसाची जागा समजतात. न बोलता आत शिरणं, वस्तू उचलणं, ‘हाऊ मच?’ विचारणं म्हणजे कोणाच्या घरात शिरून थेट पाणी मागण्यासारखं. संध्याकाळ झाली की ‘बाँस्वार’. निघताना ‘मर्सी, ओ रव्वार’ (धन्यवाद, येतो), काही घेतलं नसलं तरीही. बसमध्ये चढताना ड्रायव्हरलाही बाँझूर म्हणतात. गर्दीत धक्का लागला किंवा वाट हवी असली तर ‘पार्दाँ’.

इंग्रजीचं म्हणाल तर पर्यटकांच्या भागात बहुतेकांना ती येते. पण ‘बाँझूर’नंतर ‘पार्ले-वू आंग्ले?’ म्हणजे ‘इंग्रजी बोलता का?’ असं विचारून मग सुरू करा. उच्चार चुकला तरी कोणी हसत नाही. तुमच्या मुलीला हे पाच-सहा शब्द आधी शिकवा आणि बेकरीची जबाबदारी तिच्याकडे द्या. मुलं लाजत नाहीत आणि तिथली माणसं मुलांशी फार मायेने वागतात.

दुसरी अडचण आवाजाची. मेट्रोत चार जणांनी डब्याच्या दोन टोकांवरून बोलणं, व्हॉट्सअ‍ॅपचा व्हिडिओ कॉल स्पीकरवर घेणं, मुलांना कानात इअरफोन न लावता कार्टून दाखवणं, याचा तिथे खरंच त्रास मानतात. शेजारच्याला ऐकू येईल इतकाच आवाज ठेवा. दाराजवळच्या घडीच्या खुर्च्यांवर गर्दीत बसत नाहीत, उभं राहतात. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईने जाणाऱ्यांची.

जेवणाकडे येतो, कारण शाकाहारी कुटुंबांचे सगळ्यात जास्त हाल इथे होतात आणि ते बऱ्यापैकी टाळता येतात. एक, वेळ. बहुतेक रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर दुपारी १२ ते साधारण २ किंवा २:३० चालतं आणि मग थेट संध्याकाळी ७ नंतर. साडेतीन वाजता भूक लागली तर बेकरी किंवा दिवसभर चालणारी ब्रासरी एवढंच हाती उरतं. म्हणून आयफेल टॉवरची रांग बारा वाजता लावू नका. दोन, आपणहून टेबलावर बसायचं नाही. दारात थांबायचं, बाँझूर म्हणायचं, माणसं किती ते सांगायचं, ते नेतील तिथे बसायचं. तीन, पाणी. ‘युन काराफ दो, सिल वू प्ले’ म्हटलं की जगमधून नळाचं पाणी फुकट आणतात, ते पिण्याजोगं असतं. नुसतं ‘वॉटर’ म्हटलं तर विकतची बाटली येते आणि बिलात लागते. चार, टिप. सेवेचे पैसे छापलेल्या किमतीतच धरलेले असतात. वर एक-दोन युरो ठेवले तर आनंद, नाही ठेवले तर कोणी काही म्हणत नाही. बिल आपणहून आणत नाहीत, कारण गिऱ्हाइकाला उठवणं असभ्य समजतात. ‘लादिस्याँ, सिल वू प्ले’ म्हणून मागावं लागतं.

शाकाहारी म्हणजे काय, हे तिथे वेगळं समजावून सांगावं लागतं. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर मासे चालतील असं काहींना वाटतं. म्हणून ‘साँ व्हियाँद, साँ प्वासाँ’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, असं दोन्ही म्हणा. आणि ते फ्रेंचमध्ये लिहून फोनमध्ये ठेवा, म्हणजे दाखवता येईल. फसवणारे पदार्थ ठरलेले आहेत: कांद्याच्या प्रसिद्ध सूपचा पाया बहुधा गोमांसाच्या रश्श्याचा असतो; कीश लोरेन या खाऱ्या पायमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे; हिरव्या सॅलडवर ‘लार्दाँ’ लिहिलं असेल तर तेच; ‘क्रोक मस्यू’ म्हणजे हॅम घातलेलं सँडविच. क्रेप म्हणजे पातळ धिरड्याच्या पिठात अंडं असतं, तेव्हा आई-बाबांना अंडं चालतं का हे आधी ठरवा. पोट भरायला मारे भागातल्या रू दे रोझिये या गल्लीतली फलाफल (छोल्यांचे तळलेले वडे) उत्तम, पण तिथली बरीच दुकानं ज्यू मंडळींची असल्याने शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवारी बंद असतात. इडली-डोसा हवाच असेल तर गार द्यु नॉर स्टेशनच्या मागे ला शापेल भागात श्रीलंकेतल्या तमिळ लोकांची हॉटेलं आहेत. तिथे दुपारी जा. रात्री उशिरा त्या स्टेशनच्या परिसरात सामान घेऊन रेंगाळू नका.

आता चोरी. पाकीटमार एकटा क्वचित असतो. एक जण अडवतो, दुसरा काढतो, तिसरा घेऊन जातो. त्यामुळे संशयित चेहरे शोधत बसण्यात अर्थ नाही. बरेचदा नीटनेटक्या कपड्यातल्या शाळकरी वयाच्या मुलीच असतात. प्रसंग ओळखायला शिका.

मेट्रोचं दार हा पहिला प्रसंग. गाडी येते, तुम्ही चढता, पुढची व्यक्ती दारातच अडखळते, मागून दोघं-तिघं रेटतात. दार बंद होण्याचा भोंगा वाजतो आणि ती सगळी मंडळी झटकन खाली उतरतात. दार लागतं तेव्हा पाकीट फलाटावर आणि तुम्ही गाडीत. हे टाळायचं तर दारापाशी थांबू नका, थेट आत सरका, पाठ भिंतीला किंवा खांबाला लावा. फोन हातात धरून दाराजवळ उभं राहणं सगळ्यात वाईट. भोंगा वाजताना तो हिसकावला जातो. १ नंबरची लाइन, विमानतळाची आरईआर बी ही उपनगरी रेल्वे, आयफेलकडे जाणारी ६ नंबरची लाइन आणि शात्ले स्टेशन इथे जास्त सांभाळा. सरकत्या जिन्याच्या वरच्या टोकाला पुढचा माणूस अचानक थांबला तरी तोच प्रकार समजा.

दुसरा प्रसंग अर्जाचा. लुव्र संग्रहालय, नोत्र-दाम चर्च, आयफेलच्या आसपास मुली पुठ्ठ्यावर कागद लावून ‘स्पीक इंग्लिश?’ म्हणत येतात, मूकबधिरांसाठी सही मागतात. तो पुठ्ठा तुमच्या पर्सच्या वर धरलेला असतो आणि त्याच्या खाली हात चालू असतात. तिसरा, माँमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांखाली दोरेवाले: बोलता बोलता बोटाला दोरा गुंडाळून विणायला लागतात आणि मग पैसे मागतात. तिथे दोन्ही हात खिशात घालून चढा, किंवा आईसाठी शेजारची फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावरून वर नेणारी छोटी गाडी, घ्या, म्हणजे पायऱ्याही वाचतात. चौथा, सेन नदीकाठी कोणी ‘तुमची सोन्याची अंगठी पडली’ म्हणून वाकतो. ती पितळेची असते. पाचवा, पुलावर तीन वाट्या आणि एक गोळी यांचा जुगार. जिंकणारे सगळे त्याच टोळीतले असतात, आणि नुसतं बघायला थांबलेल्यांचे खिसे कापले जातात. सहावा, कॅफेत टेबलावर ठेवलेल्या फोनवर कोणी नकाशा पसरून रस्ता विचारतो आणि नकाशासोबत फोन उचलतो. सातवा, तिकिटाच्या मशीनपाशी मदत करायला येणारा गृहस्थ. तो तुमचे पूर्ण पैसे घेतो आणि तुमच्या हातात लहान मुलांचं स्वस्त तिकीट ठेवतो; दंड नंतर तुम्हाला बसतो.

या सगळ्यांना उत्तर एकच, चालता चालता ‘नाँ, मर्सी’. रागावू नका, हुज्जत घालू नका, कारण त्यासाठी थांबावं लागतं. आपल्या आई-बाबांच्या पिढीला हे जड जातं. कोणी बोललं तर उत्तर द्यायला हवं असं त्यांना वाटतं. निघण्याआधी घरातच दोन वेळा सराव करून घ्या.

पोलीस म्हणवणारा कोणी पाकीट किंवा रोकड ‘तपासायला’ मागू लागला, तर देऊ नका. खरे पोलीस ओळखपत्र मागतात, नोटा मोजत नाहीत. त्याला पोलीस ठाण्यात चला म्हणा. मेट्रोतले तिकीट तपासनीस मात्र खरे असतात, कधी साध्या कपड्यातही असतात, आणि दंड जागेवर घेतात. स्टेशनबाहेर पडेपर्यंत तिकीट सांभाळा. नाविगो ईझी, म्हणजे तिकिटं भरून ठेवायचं कार्ड, प्रत्येकाचं वेगळं लागतं, एका कार्डावर चौघं जात नाहीत.

पैसे कमरेला बांधायचे का? हो, पण तिथे फक्त राखीव ठेवायचं: थोडी रोकड आणि एक जादा कार्ड. दिवसभर लागणारे चाळीस-पन्नास युरो आणि एक कार्ड पुढच्या खिशात. भर रस्त्यात कपडे वर करून कमरेचा पट्टा उघडला की पैसे कुठे आहेत ते सगळ्यांना कळतं. बाबांना पँटच्या मागच्या खिशात पाकीट ठेवायची सवय असेल तर ती मुंबईतच सोडायला लावा. पर्स आडव्या पट्ट्याची, चेन असलेली, पोटावर. चेनच्या कडीतून सेफ्टी पिन अडकवली तर उघडायला चार सेकंद जास्त लागतात, आणि तेवढ्यावर चोर दुसरीकडे वळतो.

एक गोष्ट लोक विसरतात: ओटीपी. आपल्या बँकेचा ओटीपी भारतातल्या सिमवर येतो. ते सिम ज्या फोनमध्ये आहे तोच चोरीला गेला तर कार्ड असूनही ऑनलाइन काही करता येत नाही. म्हणून रोज हातात असलेल्या फोनमध्ये तिथलं सिम आणि भारतीय सिम बाबांच्या साध्या फोनमध्ये, असं वाटून घ्या. दोन वेगळ्या बँकांची कार्डं दोन वेगळ्या माणसांकडे ठेवा. फोनमध्ये *#०६# दाबून येणारा आयएमईआय क्रमांक आणि कार्ड बंद करायचे +९१ ने सुरू होणारे नंबर कागदावर लिहा, तो कागद सुटकेसमध्ये. कार्डाच्या मशीनने ‘रुपये की युरो?’ विचारलं तर नेहमी युरो निवडा, रुपयांचा दर महाग पडतो. यूपीआय आयफेल टॉवरच्या तिकिटासाठी २०२४ पासून चालतं, पण बाकी शहरात त्यावर विसंबू नका.

पासपोर्टबद्दल मतं वेगवेगळी आहेत. नियमाने परदेशी माणसाला कागदपत्रं दाखवता यायला हवीत. माझं मत असं: हॉटेलमध्ये तिजोरी असेल तर मूळ पासपोर्ट तिथे, अंगावर पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स, साधी तपासणी बहुतेक वेळा त्यावर निभावते. तिजोरी नसेल तर कपड्यांच्या आत, आणि चौघांचे पासपोर्ट कधीही एका पिशवीत नाहीत.

विमानतळावरून कसं यायचं, हे तुमच्या बाबतीत हिशोबाने सुटतं. २०२५ च्या दराने शार्ल द गोल विमानतळाहून आरईआरचं तिकीट माणशी १३ युरो, चौघांचे ५२. टॅक्सीचं भाडं सरकारने ठरवून दिलेलं आहे: सेनच्या उत्तर काठाला, म्हणजे लुव्रच्या बाजूला, ५६ आणि दक्षिण काठाला, म्हणजे आयफेलच्या बाजूला, ६५ युरो, सामान धरून. चार ते तेरा युरोंसाठी बॅगा, दुखरे गुडघे आणि झोपाळलेली मुलगी घेऊन गर्दीच्या गाडीत चढू नका. मात्र टॅक्सी पाटी बघत अधिकृत रांगेतूनच घ्या. आतल्या हॉलमध्ये ‘टॅक्सी?’ असं हळूच विचारणारा माणूस तीच फेरी दुपटीने करतो.

शहरात आईसाठी मेट्रोपेक्षा बस बरी. मेट्रोच्या जुन्या स्टेशनांत लिफ्ट फारशा नाहीत, संपूर्ण लिफ्टवाली लाइन १४ नंबरची एकच. ६९ नंबरची बस आयफेलजवळून लुव्र, बास्तीयपर्यंत जाते, बसल्या बसल्या अर्धं पॅरिस दिसतं. २०२५ पासून बसचं आणि मेट्रोचं तिकीट वेगळं झालंय, एकावर दुसऱ्यात चढता येत नाही. सोमवार किंवा मंगळवारी उतरत असाल तर आठवड्याचा नाविगो पास बघा: २०२५ चा दर ३१.६० युरो, वर कार्डाचे ५. तो सोमवार ते रविवार चालतो आणि त्यात विमानतळही येतो. गुरुवारपर्यंतच चालू आठवड्याचा मिळतो. शुक्रवारी पुढच्या आठवड्याचा देतात, जो तुमच्या काही कामाचा नाही. त्यावर २५ बाय ३० मिलिमीटरचा फोटो चिकटवावा लागतो, नाहीतर दंड. फोटो इथूनच न्या.

मेट्रोत ताटातूट झाली तर काय, हे आधीच ठरवा: जो गाडीत राहिला त्याने पुढच्याच स्टेशनवर उतरून फलाटावर थांबायचं, मागे राहिलेल्यांनी पुढच्या गाडीने तिथे यायचं. कोणीही उलट परत फिरायचं नाही. मुलीच्या खिशात हॉटेलचं कार्ड आणि तुमचा नंबर.

रस्ता ओलांडणं हा खरा धोका आहे आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे पहिली गाडी तुमच्या डावीकडून येते. आपली मान आपोआप उजवीकडे वळते. बाबांना सतत आठवण करा. शिवाय सायकली. रू द रिव्होलीवर बहुतेक रस्ता सायकलींचा आहे, दोन्ही दिशांनी, वेगाने, आवाज न करता. लोक फोटोसाठी मागे सरकतात ते थेट सायकलच्या पट्ट्यात.

स्टेशनांत बंदुका घेतलेले सैनिक दिसतील. २०१५ पासून ती नेहमीची गस्त आहे, घाबरू नका. पण बॅग कुठेही सोडून दोन पावलंही जाऊ नका. बेवारस पिशवी दिसली की स्टेशन रिकामं करतात. १ मे रोजी लुव्रसकट बरंच काही बंद असतं. एरवी लुव्र मंगळवारी बंद, ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी.

स्वच्छतागृहं फुटपाथवर फुकट असतात, आपोआप धुऊन निघणारी. आधीचा माणूस बाहेर आल्यावर दार धरून लगेच आत शिरू नका. दार लागू द्या, आत धुणं होऊ द्या, हिरवा दिवा लागला की जा. नाहीतर धुण्याचं पाणी अंगावर येतं.

चोरी झालीच तर क्रमाने: आधी कार्ड आणि सिम बंद, मग पोलीस ठाण्यात जाऊन तक्रारीचा कागद. पासपोर्ट गेला असेल तर तो कागद, झेरॉक्स आणि फोटो घेऊन १६व्या विभागातला भारतीय दूतावास. विम्याचा दावाही त्या कागदाशिवाय होत नाही. आपत्तीत ११२, पोलीस १७, रुग्णवाहिका १५. बाबांच्या रोजच्या गोळ्या आणि चिठ्ठी हातातल्या सामानात, चिठ्ठीवर ब्रँडसोबत औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. हिरव्या क्रॉसच्या म्हणजे औषधांच्या दुकानात त्यांना तेच कळतं.

मंगळसूत्र सोन्याचं लांब असेल तर घरी ठेवा, छोटं किंवा साधं काळ्या मण्यांचं घाला. आणि आईची साडी? अगदी खुशाल. कौतुकाने बघतील, कोणी फोटोही मागेल. तेवढ्यापुरता ‘नाँ, मर्सी’चा नियम आठवा आणि पर्सवर हात ठेवा. पर्स पदराच्या आत आडवी घातली तर ती दिसतही नाही. सरकत्या जिन्यावर निऱ्या हाताने थोड्या उचलून धरायच्या, खालची कड दातऱ्यांत अडकते. माँमार्त्रचे रस्ते दगडी आणि उताराचे आहेत, तेव्हा चपला नकोत, साडीखाली सपाट तळव्याचे बूट. मेमध्ये सकाळ-संध्याकाळ गार वारा असतो. ब्लाउजवर पूर्ण बाह्यांचा स्वेटर घातला की आई दिवसभर फिरेल.